डावा हात

"वन मोअर टाइम," तपास अधिकारी म्हणाला, आणि पडद्यावरचा मी पुन्हा एकदा पंपाकडे चालत आलो.

आठवी वेळ असेल. पिवळं हेल्मेट, राखाडी कपडे, पाठीवर कंपनीचं नाव. स्वतःला मागून चालताना माणूस सहसा बघत नाही. माझा एक खांदा खाली झुकतो हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. पडद्यावरचा मी पहिल्या व्हॉल्व्हपाशी थांबलो, उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ वर केला आणि बोट रोखलं. आवाज खरखरत होता, पण शब्द कळत होते. "व्हॉल्व्ह एक, बंद, योशी." योशी म्हणजे जपानीत 'ठीक'. मग दुसरा, मग तिसरा. मग "व्हॉल्व्ह चार, बंद, योशी." चारही वेळा हात सरळ आणि बोट ताठ.

"एकदम क्लिअर लाह," अधिकारी शेजारच्या बाईंना इथल्या इंग्रजीच्या ढबीत म्हणाला. "बोट दाखवलं, मोठ्याने म्हटलं. टेक्स्टबुक." मग माझ्याकडे वळून, "मिस्टर निशिकांत, चौथा व्हॉल्व्ह बंद होता?"

"मी तपासला," मी म्हणालो.

त्याने लिहून घेतलं. आमचे कारखानाप्रमुख कुरिहारा-सान कोपऱ्यात बसले होते, त्यांनी खाली बघितलं.

शोहाग सव्वीस वर्षांचा होता. बांगलादेशातल्या कुमिल्ल्याहून आलेला, कंत्राटदाराचा फिटर. पंपाचं झाकण उघडायला बसला, शेवटचा बोल्ट ढिला केला आणि आतून उकळता कॉस्टिक सोडा त्याच्या अंगावर आला. चारही व्हॉल्व्ह बंद असते तर थेंबही यायला नको होता. तीन दिवस तो हॉस्पिटलात होता, चौथ्या दिवशी गेला. अपघाताच्या धावपळीत कुणीतरी सगळे व्हॉल्व्ह आवळून टाकले, त्यामुळे आधी काय उघडं होतं हे बघायला काही उरलं नाही. पण चौथ्याशिवाय दुसरीकडून सोडा येऊच शकत नव्हता. रात्रपाळीचा माणूस म्हणाला, मी चारही बंद केले. व्हिडिओत मी म्हणतोय, चारही बंद आहेत. त्यानंतर तिथे शोहागशिवाय कुणी गेलं नाही. म्हणजे त्यानेच चुकून चौथा उघडला असणार. मेलेला माणूस हरकत घ्यायला येत नाही.

त्या आठही वेळा खोलीतले लोक माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. मी बघत होतो डाव्याकडे. तो मांडीशी सैल सुटलेला होता आणि त्याचा अंगठा करंगळीच्या पेरांवरून हळूहळू वर सरकत होता.

हे बोट दाखवण्याचं काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. मी मूळचा इचलकरंजीचा. पुण्यात नोकरी करताना संध्याकाळी जपानी शिकलो. तेव्हा पुण्यातले अर्धे इंजिनीअर जर्मन शिकत आणि उरलेले जपानी. मी जपानी निवडलं कारण जर्मनचा वर्ग भरला होता. पुढे जपानी कंपनीने घेतलं आणि इथे तुआसच्या कारखान्यात पाठवायच्या आधी सहा महिने क्युशू बेटावरच्या मूळ कारखान्यात ठेवलं. तिथे तेराओ-सान माझे फोरमन होते. साठीचे, बुटके, एरवी तोंडातून शब्द न काढणारे. पण व्हॉल्व्हसमोर उभे राहिले की आवाज मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींसारखा खणखणीत.

पहिल्या आठवड्यात मला लाज वाटायची. लोखंडी चाकाकडे बोट करून ओरडायचं म्हणजे काय. तेराओ-सान म्हणाले, "व्हॉल्व्हला कान नसतात. हाक मनाला मारायची. ते कुठेतरी हुंदडत असतं, त्याला बोलावून बोटाच्या टोकाशी उभं करायचं." मी मोडक्या जपानीत म्हणालो, आमच्याकडेही म्हणतात, देह देवळात आणि चित्त खेटरात. खेटर म्हणजे काय ते सांगायला मला पायातला बूट काढून दाखवावा लागला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग खिशातली वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं.

वर्ष संपताना त्यांनी सगळे पंप पुसून लख्ख केले आणि प्रत्येकापुढे तांदळाचे दोन चपटे पांढरे गोळे एकावर एक ठेवले. मला एकदम खंडेनवमीला आमच्याकडच्या मागांना घालतात त्या झेंडूच्या माळा आठवल्या. कुठल्या देवासाठी हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. यंत्रापुढे हात जोडून उभी राहणारी माणसं या जगात आणखीही आहेत एवढं मला पुरलं. तेव्हापासून मी मनाने जपानी झालो, असं माझी बायको नंदा म्हणते. आधी ती हे हसून म्हणायची.

आम्ही पासिर रिसला राहतो. हिरव्या लाइनीचं एक टोक पासिर रिस आणि दुसरं तुआस, त्यामुळे एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला कायम बसायला जागा मिळाली. जाता-येता तीन तास होतात. तेवढ्या वेळात मी सव्वीस वर्षं जपानी पुस्तकं वाचली. त्यांच्या सतरा अक्षरांच्या कविता मला सगळ्यांत आवडायच्या. एक गोष्ट नीट बघायची, पाच-सात-पाच अक्षरांत सांगायची आणि गप्प बसायचं. आपल्याकडे बघणं कमी आणि सांगणं फार, असं मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ऐकवायचो आणि मग त्यावर पाऊण तास बोलायचो.

घरातही माझं चालू असे. बाहेर पडताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोट रोखायचो. "गॅस बंद, योशी. गीझर बंद, योशी." आमची ऋता कॉलेजची बॅग खांद्याला अडकवून ताटकळत म्हणायची, "बाबा, स्टॉप लाह. गॅस ऑफ आहे, दिसतोय ना, कॅन सी वॉट."

कंपनीत दर वर्षी सुरक्षेच्या घोषवाक्यांची स्पर्धा असते. जपानी माणसाला घोषवाक्यसुद्धा पाच-सात-पाचात लागतं. मी तीनदा पहिला आलो. गेल्या वर्षीचं माझं वाक्य मोठ्या फलकावर पंपांच्या वरच टांगलंय. मराठीत साधारण असं होईल: बोट जिथे, डोळा तिथे, डोळ्यामागे घरची माणसं. बक्षीस देताना कुरिहारा-साननी विचारलं होतं, अक्षरं मोजता कशी तुम्ही? आम्ही बोटं मिटत जातो. मी त्यांना दाखवलं, आमच्याकडे अंगठा पेरांवरून फिरवतात, एका बोटाची तीन पेरं, जपसुद्धा असाच मोजतात. त्यांनी स्वतः करून बघितलं आणि मान डोलावली.

त्या सकाळी मी या वर्षीचं वाक्य जुळवत होतो. विषय होता, लक्ष देऊन बघणं. सांगतानाही तोंड कडू होतं. पहिल्या दोन ओळी गाडीतच जमल्या होत्या, शेवटच्या ओळीत सहा अक्षरं होत होती आणि पाच हवी होती. चौथ्या व्हॉल्व्हकडे बोट रोखलं तेव्हा मी ते जास्तीचं अक्षर काढायला बघत होतो. तोंड म्हणालं, बंद. समोर चाकाच्या मधोमध वीतभर चकचकीत दांडा वर आलेला होता. असा व्हॉल्व्ह उघडा असला की त्याचा दांडा वर येतो, बंद केला की आत जातो. शिकाऊ माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात. तो दांडा मला दिसला होता. त्यावरचा ग्रीसचा ठिपकासुद्धा मी आज सांगू शकतो. रात्रपाळीवाला तीन बंद करून चौथा विसरला होता, आणि त्याचं विसरलेलं पकडायलाच मला तिथे उभं केलं होतं. कॅमेऱ्यात दांडा येत नाही, कारण मधे माझी पाठ आहे.

हे मला अपघाताच्या दिवशी आठवलं नाही. मी शपथेवर सांगितलं असतं की व्हॉल्व्ह बंद होता. पहिल्यांदा व्हिडिओ लावला, डाव्या हाताचा अंगठा हलताना दिसला आणि सगळं लख्ख समोर आलं. पण आठव्या वेळी अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तरी मी म्हणालो, मी तपासला. मी घाबरलो. नोकरी, तुरुंग, ऋताची परीक्षा, घराचं काय, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि शोहाग त्यात कुठेच नव्हता.

ऑक्टोबरात अहवाल आला. कामगाराने अनवधानाने व्हॉल्व्ह उघडला असावा, असं त्यात होतं. त्याच आठवड्यात शोहागचा थोरला भाऊ रुबेल सामान न्यायला आला. तोही इथेच, एका शिपयार्डात रंगारी. मला हिंदी येतं म्हणून त्याच्याबरोबर मला पाठवलं.

लॉकरमध्ये टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली, नमाजाची टोपी आणि एक शाळकरी वही होती. वहीत बंगाली अक्षरांत ओळी होत्या. रुबेलने एक पान वाचलं आणि थांबला. "साब, ये क्या लिखा है? वाल्व एक, बंद, योशी. वाल्व दो, बंद, योशी. पूरा पन्ना यही है."

मी शिकवलेलं त्याने उतरवून घेऊन पाठ केलं होतं. तसं मी रुबेलला सांगितलं. त्याने वही टॉवेलात गुंडाळली.

"साब, अब्बा गाँव में मास्टर था," तो म्हणाला. "फोन पे एक ही बात पूछता है. बोलता है, शोहाग तो देख-देख के काम करने वाला लड़का, वो ऐसा गलती कैसे किया. आप तो उधर था, साब. सच में उसका गलती था?"

आम्ही दोघंच होतो. दाराबाहेर कुणी नव्हतं.

"रिपोर्ट में तो यही लिखा है," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "ठीक है. मैं अब्बा को बोल देगा." पिशवीची चेन लावून तो म्हणाला, "थैंक्यू, साब."

त्याने मला थँक्यू म्हटलं.

रविवारी सकाळी मी नंदाला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले तिचे.

"कुणाला कळलंय?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ऋताची परीक्षा होऊ द्या. तीन आठवडे राहिलेत. नंतर बघा काय ते."

"आणि त्याचे वडील?"

"ते कुठे जाणार आहेत? तीन आठवड्यांनी त्यांना कमी वाईट वाटेल का जास्त?" मग ती पुन्हा पानं खुडायला लागली, आणि दांड्याच जास्त पातेल्यात जात होत्या.

मला तिचा राग आला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. सोमवारपासून मी स्वयंपाकघराच्या दारात थांबायचं सोडलं. दोन-तीन दिवसांनी ऋता म्हणाली, "बाबा, नो मोअर योशी आह?" नंदाने तिला डबा भरायला हाक मारली.

परीक्षा संपली. त्यावर मी आणखी दहा दिवस घालवले, त्यांना तर काही निमित्तही नव्हतं. मग एका सुट्टीच्या दिवशी लिहायला बसलो.

जपानी कंपनीत चूक झाली की माणूस स्वतःच्या हाताने एक कागद लिहितो. त्याला हान्सेई म्हणतात. काय केलं, तेव्हा मन कुठे होतं, पुढे कसं वागणार, एवढंच लिहायचं. सबब लिहायची नाही. इतक्या वर्षांत मी असे कितीतरी कागद हाताखालच्या पोरांकडून लिहून घेतले होते आणि 'अजून मनापासून लिहा' म्हणून परतही केले होते. मी चार पानं लिहिली. अक्षरं मोजत होतो ते लिहिलं, दांडा लिहिला, 'मी तपासला' हे लिहिलं. शेवटी विनंती केली की अहवाल दुरुस्त व्हावा आणि चूक शोहागची नव्हती असं त्याच्या वडिलांना लेखी कळवावं.

कुरिहारा-साननी कागद दोन्ही हातांनी घेतला. चष्मा काढून, कागद डोळ्यांजवळ धरून चारही पानं वाचली. मग नीट घडी घालून समोर ठेवली.

"तो हात मी पाहिला होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"व्हिडिओत. दुसऱ्यांदा लावला तेव्हाच. पेरांवर कसं मोजतात ते तुम्हीच मला शिकवलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. नंतर उशीर झाला." त्यांनी घडी केलेल्या कागदावर बोट टेकवलं. "हा कागद पुढे गेला तर कारखाना बंद करतील. तीनशे माणसं आहेत, निशिकांत-सान. त्यातली दोनशे शोहागसारखी कामाच्या पासवर बाहेरून आलेली. काम गेलं की महिन्याभरात त्यांना परत जावं लागेल."

"निदान त्याच्या वडिलांना तरी..."

ते उठले. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले, हात मांड्यांशी टेकवले आणि कमरेतून खाली वाकले. मी वाट बघितली, पण ते वर येईनात. त्यांच्या टाळूवरचे केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा दिसलं.

या वाकण्यावर मी आयुष्यभर भाळलो होतो. शब्द न वापरता माणूस आपलं ओझं समोर ठेवतो, असं मी लोकांना कौतुकाने सांगायचो. वाकून दारही लावता येतं हे मला ठाऊक नव्हतं. कमरेत वाकलेल्या माणसाशी काय बोलणार? ते नाटक करत असते तर मी भांडलो असतो. पण त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि ते खरंच काहीही करणार नव्हते.

वर आल्यावर त्यांनी कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. "फार प्रामाणिक लिहिलंय. तुमच्यापाशीच असू द्या. त्याच्या भावाला आपण इथे कामावर घेऊ. तेवढं माझ्या हातात आहे."

मीही दोन्ही हातांनी कागद घेतला. सवयीने वाकलोसुद्धा.

तो कागद मी थेट तपास अधिकाऱ्याकडे पाठवू शकत होतो. त्याचं कार्ड माझ्या पाकिटात होतं आणि टपालपेटी आमच्या ब्लॉकच्या खालीच आहे. रोज तिच्यावरून गेलो. तीनशे माणसांचं कारण मला आयतं मिळालं होतं, आणि कारण चांगलं असलं की भित्रेपणाला जबाबदारी म्हणता येतं. नंदाने काय झालं म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जपानी पुस्तकं मी ऋताच्या परीक्षेच्या पुस्तकांच्या रिकाम्या खोक्यात भरून पलंगाखाली सारली आणि गाडीत डोळे मिटून बसायला लागलो.

जानेवारीत नव्या कामगारांचं प्रशिक्षण असतं, ते मीच घेतो. या वेळी बारा जण होते. पहिल्या रांगेत रुबेल, नवीन राखाडी कपड्यांत, बाह्यांच्या घड्याही अजून न मोडलेल्या. मला बघून त्याने ओळखीचं हसून मान लववली. मी त्याला मागच्या रांगेत उभा करणार होतो, पण काय सांगून करणार?

नियम मी सगळ्यांना हिंदीत आणि इंग्रजीत सांगितला. कामगाराने बोट रोखून मोठ्याने म्हणायचं. प्रशिक्षकाने स्वतः व्हॉल्व्ह बघायचा आणि 'योशी' असं उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत हात खाली आणायचा नाही. उत्तर आलं नाही तर आपलं काहीतरी चुकलं असं समजायचं आणि पुन्हा म्हणायचं.

रुबेलने पहिला व्हॉल्व्ह केला. मी म्हणालो, योशी. दुसरा, योशी. तिसरा, योशी. तो देख-देख के काम करणाऱ्यांपैकीच होता. चौथ्यापाशी आला तेव्हा लगेच हात वर न करता तो बाजूला सरकला, वाकला, चाकाच्या मधे दांडा आत गेलेला आहे की नाही ते त्याने बघितलं. मग सरळ उभा राहिला आणि बोट रोखलं.

"वाल्व चार, बंद, योशी."

दांडा आत होता. व्हॉल्व्ह बंद होता. मला एक शब्द बोलायचा होता आणि तो तोंडातून बाहेर येईना.

रुबेल थांबला. त्याने कोपर आणखी ताठ केलं. "वाल्व चार, बंद, योशी."

मागे अकरा जण उभे होते. त्याने तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी पार घसा ताणून. आवाज पत्र्याच्या छतावर आपटला. हात खाली न आणता, बोट व्हॉल्व्हवरून न हलवता त्याने फक्त मान माझ्याकडे वळवली.

"साब," त्याने हळूच विचारलं, "मेरा कुछ गलती है?"

आणि हात तसाच धरून उत्तराची वाट बघत राहिला.